दाखल्यांच्या हंगामातला टूलबार

बारावीचा निकाल लागला की परतूरला एक हंगाम सुरू होतो. तो पंचांगात नाही आणि मोंढ्यातल्या भावाच्या फळ्यावरही नाही. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, आणि प्रत्येकाच्या आधी एक प्रतिज्ञापत्र. परवा भाचीच्या प्रवेशासाठी मीही त्या रांगेत उभी होते. आता सगळं ऑनलाइन झालंय म्हणतात, पण रांग आहे. लोकांच्या काखेत तशाच प्लॅस्टिकच्या पिशव्या आहेत आणि पिशव्यांतली रेशनकार्डं तशीच घड्यांवर फाटलेली आहेत. खिडकीआड बसलेली मुलगी पडद्यावरच्या छोट्या छोट्या चित्रांवर माउस मारत भराभर कामं उरकत होती. मी तिच्या हाताकडे बघत होते. एखादं बटण दाबल्यावर हात पुढे कुठे जातो, ते.

भाची म्हणाली, "मावशी, तू काय चेक करून राह्यलीस?"

"काही नाही," म्हटलं. सगळं सांगत बसले असते तर आमचा नंबर येऊन गेला असता.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. तहसीलसमोर नंदूभाऊंचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. पत्र्याच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत परीक्षेला बसणारी मुलं-मुली टाइपरायटर बडवायची, बाहेरच्या खोलीत जॉबवर्क चालायचं. उन्हाळ्यात पत्रा तापला की रिबनच्या शाईचा आणि मशीनच्या तेलाचा वास मिसळून एक तिसराच वास यायचा. तो साडीला चिकटून घरी यायचा. मी औरंगाबादहून कॉम्प्युटरची डिग्री घेऊन नुकतीच परत आले होते. बरोबरच्या मुली पुण्याला गेल्या होत्या. मलाही जायचं होतं, पण वडिलांनी "एक वर्ष थांब" म्हटलं आणि घरी रिकामं बसणं मला जमत नाही. नंदूभाऊंनी सहा टाइपरायटरांतले चार विकून जुने दोन कॉम्प्युटर आणले होते आणि त्यांना ते चालवता येत नव्हते. पहिल्या दिवसापासून ते मला "मॅडम" म्हणायचे. त्यात आदर किती आणि फिरकी किती, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

बाहेरच्या खोलीतलं सगळं काम शकीलाआपांचं. पंचेचाळिशीच्या, अंगाने बारीक, डोक्यावरचा पदर कधी न ढळणाऱ्या. घरी उर्दू बोलायच्या, पण मराठी प्रतिज्ञापत्र त्यांच्याइतकं बिनचूक टाइप करणारं माणूस तालुक्यात नव्हतं. "सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की" हे त्यांच्या बोटांतून एका दमात निघायचं. डाव्या हाताला लाकडी घोडी, तिच्यावर मसुदा, आणि नजर मसुद्यावर. मशीनकडे त्या बघतच नसत. ओळ संपली की घंटी वाजायची, हात आपोआप दांडी ओढायचा, नजर तिथेच. त्यांचे मियाँ ट्रकवर होते, महिन्यातून दोनदा घरी. घर आपांच्या बोटांवर चालायचं.

पण तहसीलच्या काउंटरवरच्या साहेबांना आता कॉम्प्युटरची स्वच्छ प्रिंट आवडायला लागली होती. टाइपरायटरचा कागद पुढे केला की ते तोंड वाकडं करायचे. नंदूभाऊंनी मे महिन्यात आपांना सरळच सांगितलं.

"आपा, निकाल लागेपर्यंत शिकून घ्या. मंग मला बाहेर कॉम्प्युटरवरच माणूस लागन. जालन्याचा एक ऑपरेटर यायला तयार है."

"शिकते की," आपा म्हणाल्या. "मशीनच है ना ते बी."

आमच्याकडे मराठी टाइप करायला एक छोटा एडिटर होता. माझ्या कॉलेजातल्या सरांनी तो स्वतः लिहिला होता आणि मी गावी निघाले तेव्हा सोर्स कोडसकट फ्लॉपीवर दिला होता. मोठी सॉफ्टवेअर त्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. हा मात्र चटकन उघडायचा, आणि टाइपरायटरच्याच कळांवर मराठी उमटायची. त्यामुळे टाइप करण्यात आपांना काही अडचण नव्हती. अडचण बाकीच्या सगळ्यात होती. सरांच्या एडिटरमध्ये ना मेनू होता ना बटणं. फाइल ठेवायची तर कंट्रोल धरून एक कळ, मग दुसरी कळ. छापायचं तर तिसरीच जोडी. हुकूम अर्धवट लागला की मजकुरात भलताच काना उगवायचा. मी मॉनिटरच्या चारी बाजूंना चिठ्ठ्या चिकटवल्या. आपा चिठ्ठी बघायच्या, तोवर मसुद्यातली जागा हरवायची. मसुदा बघायच्या, तोवर चिठ्ठी विसरायच्या.

आठवड्याने त्या म्हणाल्या, "विजू, माझ्या हाताला एका वक्ताला दोन कामं सांगू नको. एक तर लिहू दे, न्हाई तर हुकूम देऊ दे."

मला वाटलं, बरोबर आहे. हुकूम हाताखालून काढून पडद्यावर ठेवायचे. चित्रांची एक पट्टी करायची. चित्र दाबलं की काम झालं. आज हे कुणाला सांगितलं तर त्यात काय विशेष म्हणेल. तेव्हा मी ते कधी केलं नव्हतं, शेजारी विचारायला कुणी नव्हतं, आणि निकालाला तीन आठवडे होते.

मी सरांचा सगळा कोड डॉट मॅट्रिक्सवर छापून घेतला. तीन हजारांच्या आसपास ओळी, एकसंध लांब कागद, दोन्ही कडांना भोकं. आमचं घर स्टेशनच्या बाजूला. अंगणात एका बाजेवर आईच्या कुरडया वाळत होत्या, दुसऱ्या बाजेवर मी कागद पसरला, उडू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार खडे ठेवले आणि पेन्सिल घेऊन वाचायला बसले. दुसऱ्याचा कोड वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात स्वयंपाक करण्यासारखं असतं. मीठ आहे हे माहीत असतं, डबा सापडत नाही. सर व्यवस्थित माणूस. पण त्यांच्या डब्यांना नावं एकेका अक्षराची. दोन दिवस मी नुसते डबे उघडून बघितले.

आई म्हणाली, "हे काय वाळू घातलंस?"

"प्रोग्राम आहे."

"मंग जरा सरकव. सांडग्यांला जागा लागती."

तिसऱ्या दिवशी मला ती जागा सापडली जिथे सगळं ठरत होतं. पडद्यावरच्या खिडकीला काय झालं की काय करायचं, याची एक लांबलचक यादी. कळ दाबली तर हे, खिडकी मोठी केली तर ते, बंद केली तर आणखी काही. त्या यादीत मला माझी बटणं घुसवायची होती. सरांनी लिहिलेली कामं तशीच ठेवायची, फक्त त्यांच्यापर्यंत जायला नवी वाट काढायची. हे कळल्यावर मला जो हुरूप चढला तो मी कुणाला दाखवला नाही. गेले आणि सांडगे घालू लागले.

पहिल्यांदा पट्टी पडद्यावर आली तेव्हा मी आपांना हाक मारली. त्यांनी चष्मा वर केला.

"छान है. माझं 'प्रतिज्ञापत्र' कुठं गेलं?"

"पट्टीच्या खाली गेलं."

"मंग वर काढ. त्याच्याबिगर कागदाला काय किंमत है?"

मजकुराची पहिली ओळ खरंच पट्टीच्या मागे दडली होती. पट्टी ठेवली, पण मजकुराला खाली सरकायला मी सांगितलंच नव्हतं. ते दुरुस्त केलं. मग खिडकी लहान-मोठी केली की पट्टी आपली जागा सोडेना, उजवीकडची बटणं बाहेर लोंबायची. तेही दुरुस्त केलं. रोज एक दुरुस्त व्हायचं आणि दुसरं दिसायचं.

चित्रं काढणं मला सर्वांत अवघड गेलं. चौकटीच्या वहीत चोवीस गुणिले चोवीसची जागा आखायची आणि एकेक चौकट भरायची. आई म्हणायची, "एवढं शिकून चौकटीच भरायच्या व्हत्या तर बालवाडीतच थांबायचं व्हतं." कात्री काढायला दोन दिवस लागले, चौकटींत तिरकी रेघ येत नाही, पायऱ्या येतात. चिकटवायला डिंकाची बाटली काढली. चूक पुसायला टाइपिस्टचं गोल खोडरबर, मागे ब्रश असलेलं. ते आपांनी लांबूनच ओळखलं. फाइल ठेवायला मी फ्लॉपी काढली होती, सगळीकडे तीच असते म्हणून.

"ही काय, खिडकी है का?" आपांनी विचारलं.

"फ्लॉपी आहे. जपून ठेवायला."

"फ्लॉपी तुझ्या पर्समधी असती. मी कशाला ओळखू तिला? जपून ठेवायचं म्हणजे पेटी."

म्हणून मी पेटी काढली. पत्र्याची, लग्नात देतात तसली. पहिल्यांदा ती वीट दिसत होती. कडीच्या जागी पिवळ्या दोन चौकटी भरल्या आणि वीट पेटी झाली. दोन चौकटींत एवढा फरक पडतो, हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. पुढे जालन्यात स्वतःचं ऑफिस काढलं, जिनिंगवाल्यांना, बियाणेवाल्यांना सॉफ्टवेअर करून दिली, पैसे देऊन शहरातल्या चित्रकारांकडून सुंदर चित्रं करून घेतली. पण त्या पेटीसारखं, बघताक्षणी हात जाईल असं चित्र माझ्या कुठल्याच प्रोग्रामात पुन्हा आलं नाही.

शीर्षक मधोमध आणायलाही एक बटण होतं. टाइपरायटरवर आपा त्यासाठी अक्षरं मोजायच्या, निम्म्याने मागे यायच्या, मग टाइप करायच्या. मी बटण दाबल्यावर शीर्षक एकदम मधे जाऊन बसलं. आपांनी पेन्सिलचं टोक काचेला लावून डावीकडची जागा मोजली, मग उजवीकडची मोजली.

"बराबर है," त्या म्हणाल्या. मला त्या उन्हाळ्यात मिळालेलं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र ते.

निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यापर्यंत माणसं. परतूरच्या आसपासच्या साऱ्या गावांतून बाप आणि मुली, बाप आणि मुलं. नंदूभाऊंनी आपांना बाहेरच्या कॉम्प्युटरवर बसवलं, शेजारच्यावर मी. कोपऱ्यात उरलेले दोन टाइपरायटर कापडाखाली झाकून ठेवले होते. सकाळपासून लाइट नव्हती, ती दोनला आली. पहिला नंबर वाटूरच्या भगवानरावांचा. मुलीचा डी.एड.चा अर्ज भरायचा होता, अर्जाचा दुसऱ्या दिवशी शेवटचा दिवस, आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चारच्या आत तहसीलच्या काउंटरवर प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं. मुलगी त्यांच्या मागे उभी, पिशवी दोन्ही हातांनी धरून.

आपांनी घोडीवर मसुदा लावला, माउस धरला आणि आजवर मीच दाबून दाखवलेलं कोऱ्या कागदाचं चित्र पहिल्यांदा स्वतः दाबलं. मग दोन्ही हात कीबोर्डवर आणि नजर मसुद्यावर. चालू झाल्या. माझ्या कानाला तो आवाज ओळखीचा होता. मधे कुठे अडखळणं नाही. मी माझ्या कामाला लागले. दहा-पंधरा मिनिटांनी आवाज थांबला. आपांनी मान वर केली.

पडद्यावर काही नव्हतं. कोरा कागद.

नंदूभाऊ वाकून बघायला लागले. "आपा, कुठंय मजकूर? टाइप केलंच न्हाई का?"

"माझे हात काय तबला वाजवून राह्यले व्हते का?" आपा म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

त्यांनी पुन्हा सुरू केलं. तीच तऱ्हा. भगवानराव म्हणाले, "बाई, चारला साहेब उठतेत." रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मशीन वळखत न्हाई त्यांला." एक-दोघं हसले. आणि मी, जिने हे सगळं आपांसाठी केलं होतं, ती म्हणाले, "आपा, अधूनमधून स्क्रीनकडे बघत जा ना."

आपांनी माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही.

"कागदावरून नजर हलली तर माझे गुरुजी बोटावर पट्टी मारायचे. वीस वरसं झाले, नजर हलली न्हाई. आता तुझ्या मशीनसाठी डोळे बी दुसरे आणू का?"

नंदूभाऊ टेबलाशी गेले आणि फोनचा रिसीव्हर उचलला. "न्हाई जमायचं हे. जालन्याला फोन लावतो." आपा उठल्या आणि कोपऱ्यातल्या टाइपरायटरवरचं कापड काढायला लागल्या. टाइपरायटरवरचा कागद साहेबांनी परत केला असता हे त्यांना माहीत होतं, नंदूभाऊंना माहीत होतं, बहुधा भगवानरावांनाही माहीत होतं. जालन्याचा ऑपरेटर आला की तो दोन दिवसांसाठी येणार नव्हता.

मी म्हटलं, "आपा, एकदा परत बसा. फक्त दोन ओळी. मी तुमच्या हाताकडे बघते."

त्या बसल्या. कोरा कागद दाबला. उजवा हात माउसवरून उठला आणि सरळ कीबोर्डवर आला. पहिला शब्द. पडद्यावर काही उमटलं नाही. मग त्यांनी अंगठ्याने स्पेसबार दाबला आणि पडदा किंचित लुकलुकला. दुसरा शब्द, स्पेसबार, पुन्हा लुकलुक.

"थांबा," म्हटलं. "आता मी करते."

मी माउस धरला, कोरा कागद दाबला, आणि माझा हात मजकुराच्या जागेवर जाऊन एकदा टिचकी मारून आला. मी त्याला सांगितलं नव्हतं. इतके दिवस तो हेच करत होता आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

झालं होतं ते एवढंच. बटण दाबलं की कीबोर्डचा ताबा त्या बटणाकडेच राहत होता. मी सवयीने मजकुरावर टिचकी मारून ताबा परत आणत होते. आपा कशाला आणतील? त्यांची अक्षरं बटणाच्या तोंडावर आपटून वाया जात होती, आणि स्पेसबार म्हणजे पुन्हा तेच बटण. दोन शब्दांमधल्या प्रत्येक जागेला माझी पट्टी त्यांना इमानदारीने एक नवा कोरा कागद देत होती. मी ती पट्टी शंभर वेळा तपासली होती. शंभर वेळा मीच तपासली होती.

त्यानंतर मी शिकलेलं सगळं एकीकडे आणि ही दुपार एकीकडे. माझ्या ऑफिसात नवा प्रोग्राम तयार झाला की तो लिहिणाऱ्याला मी उठवते आणि ज्याला तो रोज वापरायचा आहे त्याला बसवते. हिशेबनीस असो, वजनकाट्यावरचा माणूस असो. लिहिणाऱ्याने मागे उभं राहायचं, हाताकडे बघायचं आणि तोंड उघडायचं नाही. नवीन पोरापोरींना ते जाचक वाटतं. वाटू दे.

नंदूभाऊ फोनवर नंबर फिरवत होते. मी म्हटलं, "नंदूभाऊ, फोन ठेवा. आपांची चूक नाही. माझी आहे."

"तुमची कशी? टाइप तर त्या करून राह्यल्यात."

"त्या बरोबर टाइप करतायत. मीच ते भलत्या जागी पाठवलं. पाव तास द्या."

सगळ्या रांगेसमोर बोलले. आत कुठेतरी कमीपणा वाटायला हवा होता. तेवढा वेळ नव्हता. कोड उघडला. ती लांबलचक यादी, त्यात माझ्या बटणांची जागा, आणि प्रत्येक बटणाचं काम संपतं तिथे एक ओळ: ताबा मजकुराला परत दे. एक ओळ. मग त्या जुन्या मशीनवर सगळा प्रोग्राम नव्याने बांधून घ्यायला लागायची चार-पाच मिनिटं. हार्डडिस्क कुरकुरत राहिली. नंदूभाऊंनी रिसीव्हर खाली ठेवला नव्हता, हातात धरून उभे होते. भगवानरावांची मुलगी पुढे येऊन पट्टीकडे बघत होती.

"ही पेटी कशाची?" तिने विचारलं.

"जपून ठेवायची," आपा म्हणाल्या.

बांधून झालं. मी बाजूला झाले. आपांनी पदर सारखा केला, मसुदा नीट लावला, कोरा कागद दाबला आणि हात कीबोर्डवर नेले. नजर मसुद्यावर. पडद्यावर पहिला शब्द आला, मग जागा, मग दुसरा शब्द. त्यांनी वर बघितलं नाही. "सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की" एका दमात आलं, ओळीमागून ओळ, शेवटपर्यंत. मग शीर्षक मधोमध, मग पेटी, मग छपाईचं चित्र. प्रिंटर स्टँप पेपरवर करकरत मागेपुढे जायला लागला. भगवानरावांनी सही केली, कागद दोन्ही हातांत सपाट धरला आणि मुलीला घेऊन रस्ता ओलांडून गेले. सव्वातीन वाजले होते.

नंदूभाऊंनी रिसीव्हर जागेवर ठेवला. रांगेतल्या पुढच्या माणसाचा मसुदा स्वतः घोडीवर लावला. संध्याकाळपर्यंत आपांनी सगळी रांग संपवली. मी मधेमधे पडद्याकडे नजर टाकत होते. मग तेही सोडून दिलं.

निघताना त्या चष्मा डबीत ठेवत होत्या, तेव्हा नंदूभाऊ म्हणाले, "आपा, उद्यापासून नवाला येत जा. साडेधाला लई गर्दी होती."

"नवाला न्हाई जमायचं. घरी स्वयंपाक कोण करंल?" आपा म्हणाल्या. "साडेनवाला येते. आन् खुर्ची दुसरी आणा. हिचा पाय हालतो."

"बरं," नंदूभाऊ म्हणाले. "साडेनऊ."